खिळे : तीन

बत्तीस वर्षं बँकेच्या काचेमागून
मी एकच प्रश्न विचारला : तारण काय?
आता कुडचड्यात, टायरच्या दुकानावर,
आमच्या सोसायटीची खोली. एक टेबल, एक शिक्का,
आणि मी कागदावर लिहून देतो :
यांच्याकडे अनामत नाही. आम्ही आहोत.

जामीन आणि जमीन,
फरक एका कान्याचा.
तिपव्वाकडे दोन्ही नव्हतं.
होतं ते असं : नवरा इराप्पा, खनिजाच्या ट्रकवरचा क्लीनर,
ट्रक थांबले तेव्हा तोही थांबला, मग बाजारात हमाली.
मुलगी भाग्या, चौथीत.
एक स्टोव्ह.
आणि सात महिने पुलाच्या जिन्याखालची
साडेसहा फूट कोरडी जागा.
भाडं ती देऊ शकत होती. महिन्याचे साडेचार हजार,
मोजलेले, दुमडलेले, पोलक्यात.
तीन महिन्यांचे एकदम नव्हते.
एवढ्याच फटीतून घर खाली पडतं,
साडेतेरा हजारांच्या.

आर्मिंदाबाय फुर्तादोंची खोली मागच्या बाजूला, विहिरीकडे.
बल्कांवात बसून त्यांनी माझा कागद दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
"हातूंत पयशे खंय आसात?"
पैसे नाहीत बाय, हमी आहे. काही मोडलं, भाडं थकलं,
तर आमच्याकडे या. आम्ही भरू.
"आनी तुमी पळून गेल्यार?"
माझं वय त्रेसष्ट, म्हणालो, गुडघे दुखतात.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, त्यांच्या सावियोनं तिकडे स्विंडनला अनामत भरली होती,
रोख, दोन महिन्यांची. मालकानं परत दिली नाही.
का, तर गालिच्यावर इस्त्रीचा डाग.
हे आमच्या बाजूचं की विरुद्ध,
मला कळेना. चहा आला, म्हणून प्यालो.

मग यादी.
बँकेत मी हे शिकलो नव्हतो, इथे शिकलो :
शिरण्याआधी खोलीच्या जखमा लिहून घ्यायच्या,
नाहीतर पुढे त्या भाडेकरूच्या नावावर चढतात.
न्हाणीचा नळ गळतो.
फुटकी कौलं दोन.
खिडकीची काच तडकलेली, कोपऱ्यातून.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, कुणाची तरी उंची, सात.
"ती पुसची न्हय. बरय."
बरय म्हणजे लिही.
मला दर वेळी बरंय असं ऐकू येतं.
भिंतीत खिळे : तीन.
"चवथो मारूंक ना."
तिपव्वानं मान हलवली. सही केली,
कानडीत, लांबलचक, रेघ संपून पुढेही.
पोलिसांच्या फॉर्मवर मात्र
कायमचा पत्ता या रकान्यापाशी पेन अडलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मी बायकडे,
बायनी विहिरीकडे.

पहिले आठ दिवस बोचकी सोडली नव्हती म्हणे.
तिघं दाराला पाय लावून झोपायची.
हे मला टायरवाल्यानं सांगितलं,
त्याला कुणी सांगितलं, विचारलं नाही.

अकरा महिन्यांनी तीच यादी घेऊन गेलो.
भाडं एकदा नऊ दिवस उशिरा. आमचा कागद
बायच्या कपाटात, देवाच्या तसबिरीमागे, घडी न मोडलेला.
नळ गळत नव्हता. इराप्पानं वायसर बदललेला.
सुधारलं ते कुठे लिहायचं? रकानाच नव्हता.
कौलं दोन. काच तशीच.
रेघा सात, पेन्सिलीच्या.
समोरच्या चौकटीवर, अंग चोरून, खडूची एक.

बाय बोट लावून खिळे मोजू लागल्या.
कॅलेंडर, एक.
छत्री, दोन.
इराप्पाचा सदरा, तीन.
बोट पुढे सरकलं
आणि शाळेच्या दप्तरापाशी थांबलं.
दप्तर जड. पट्टा ताणलेला. खिळा नवा, चकचकीत.
तिपव्वा तव्याकडे बघत होती, तव्यावर काही नव्हतं.
मी टोपण काढून उभा.

"तीन," बाय म्हणाल्या.
"बरय."