परड्यातली काहील

वडणग्याचं गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा
भंगारवाल्याच्या आधी मी पोचलो.
काहील टेम्पोत घालून आणली,
परड्यात गुडघाभर खड्डा काढून बसवली.
महिनाभर पाण्याला गुळाचा वास,
मुंग्या काठापर्यंत येऊन माघारी जायच्या.

मग शाहूपुरीतनं मासे आणले, अकरा.
मालू म्हणाली, नावं नको ठेवायला, जीव लागतो.
आणि रोज सकाळी चुरा टाकत मोजायला लागली.

अकराचे नऊ झाले. नवाचे सात.
पहिला आळ चौगल्यांच्या बोक्यावर,
जो पाण्याचा शिंतोडा उडाला तरी तासभर पाय झाडतो.
मग ढोकरीवर. ती भिंतीवर बसायची
मान आखडून,
वसुलीला आलेल्या माणसासारखी.
दोऱ्याला जुन्या सीड्या बांधल्या,
त्यात एक आमच्या लग्नाची.
ढोकरी गेली.
सातांचे सहा.

भाचा संग्राम तालमीत असतो.
त्यानं पोतंभर आखाड्याची माती आणली,
ताक, हळद, तेल मुरलेली,
काहिलीभोवती पसरून तळव्यानं सारखी केली.
"मामा, ही माती खोटं बोलत न्हाई.
पाठ लागली म्हंजे लागली."

सकाळी मातीत पावलं.
पाच बोटं, बोटांमध्ये पडदा.
नाल्याच्या अंगानं आलेली, नाल्याकडंच गेलेली.
"पाणमांजर? आपल्या घरात?"
मी काही बोललो नाही.
पुराच्या साली पंचगंगा आमच्या कपाटाच्या
दुसऱ्या फळीपर्यंत येऊन गेली होती.
घर तिकडच्यांना माहितीचंच असणार.

उद्यमनगरात बत्तीस वर्षं मी जाळ्या केल्या,
खिडक्यांच्या, पतसंस्थेच्या, एकदा पोलीस चौकीच्या.
रविवारी काहिलीला झाकण केलं.
दहा एमेमची सळई, बिजागरी, कडी, कुलूप.
मालू बघत राहिली.
"ह्यांनी काय गुन्हा केलाय?"
पाण्यात चौकोन पडले होते,
मासे एका चौकोनातनं दुसऱ्यात जात होते.

रात्री खुर्ची टाकून बसलो, बॅटरी विझवून.
अडीचला आलं.
लांबट, भिजल्या पोत्यासारखं.
झाकणावर चढलं,
वेल्डिंगच्या एकेका टाक्यावरनं नाक फिरवलं,
आमच्या सायबानं कधी तपासलं नाही इतक्या बारकाईनं.
मागनं आणखी दोन, हातभर लांबीची,
चिरक्या आवाजात काहीतरी मागणारी.
आईचं काम होईना, तशी ती दोघं
मातीत एकमेकांवर पडली, लोळली, चावली, सुटली.
मला खोकला आला होता. दाबला.
किल्ली खिशात बोचत होती.

सकाळी मालूनं मोजले. सहा.
दुपारी संग्राम माती न्यायला आला
आणि पोतं हातात धरून तसाच उभा राहिला.
"मामा, हितं कुस्ती झालीया. कुणाची?"
"पोरांची," म्हटलं.
तो उकिडवा बसला, जाणत्यासारखा
मातीवर बोट न टेकवता बघत राहिला.
"निकाली न्हाई," म्हणाला,
"बरोबरीत सुटलीया."
आणि पोतं रिकामंच घेऊन गेला.