दोन मिनिटांचा चौक

सव्वीस वर्षं मी इथं ओरडलो :
तारगाव, वेशीचा चौक,
गाडी दोन मिनिटं थांबेल,
लांब जाऊ नका कोणी.

लोक उतरायचे कॅमेरे घेऊन,
पुण्याचे, भोपाळचे, एकदा तर दोघं जपानी,
टोप्या सावरत वेशीकडं माना वर करायचे,
आणि मी त्यांच्या पाठी मोजायचो.
किती उतरले, किती चढले,
ट्रेमधलं पाचाचं ब्लॉक संपत आलेलं.

वेस मला ठाऊक होती ती फुटबोर्डावरून,
दाराच्या चौकटीत मावेल एवढीच :
अर्धी कमान, एक बुरूज,
आणि वर दगडी घोड्याचा मागचा भाग. शेपूट.
कोणी विचारलं तर सांगायचो,
लढाईवर निघालेला घोडा आहे.
आणि टण टण.

आज तिकीट काढून आलो.
नव्या पोराच्या हातातल्या मशीननं चिर्र केलं.
पास होता खिशात, काढला नाही.
पाहुण्यानं पास दाखवू नये.

उतरलो. गाडी गेली.
पहिल्यांदाच ती मला इथं सोडून गेली
आणि पायांना कळेना, आता काय.

कमानीखाली दगड माठासारखा गार.
पाटी वाचली : संरक्षित,
मग उडालेली अक्षरं, मग पुन्हा उडालेली,
शेवटी दंडाची रक्कम, ती तेवढी शाबूत.
तोफेच्या तोंडात खर्ऱ्याच्या पन्न्या,
तोफेच्या पाठीवर एक पोरगा, संत्रं सोलत.
म्हटलं, बाबू, ही कधी उडाली होती का रे?
"उडाली असन न काका,
मी तवा शाळेत असन."

मग पलीकडं गेलो,
वेशीच्या त्या अंगाला.

घोड्याला तोंडच नाही.
मान संपते तिथं दगड तसाच राहिलेला,
छिन्नीच्या तिरप्या खुणा, चार इकडून, तीन तिकडून,
जशी कोणी हाक मारली
आणि कारागीर हात झटकून उठला.
फोडलेला दगड वेगळा दिसतो.
माझा बाप पाट्या-जात्याला टाकी लावायचा,
एवढं मला कळतं.
बराच वेळ पाहत राहिलो.
मान दुखली, तेव्हा ते जपानी आठवले.

चिंचेखाली देवकाबाई, उकडलेले शिंगाडे,
काळ्या ढिगावर ओलं फडकं.
डोळे बारीक करून म्हणाली,
"तुमी कंडक्टरभाऊ न?
माहे आठ आणे बाकी हायेत तुमच्याकडं.
तिकिटाच्या पाठीवर लिवून देल्ले,
मी उतरली, तुमी घंटी मारली."

किती तिकिटांच्या पाठी.
पेन्सिलीनं, घाईत, हलत्या गाडीत
माझ्याच हातचे आकडे,
आणि सुटे नव्हते हे दरवेळी खरं नव्हतं.

म्हटलं, बाई, आठ आणे आता चालत नाहीत.
"चालत नाहीत म्हून बुडवता का?"

दहाची नोट दिली. तिनं ती कपाळाला लावली,
कमरेला खोचली,
आणि पेपरच्या पुडीत शिंगाडे मोजले,
साडेनऊ रुपयांचे,
एक जास्त पडला तो परत काढला.

तोफेला टेकून खात बसलो.
बोटं काळी झाली, नखांत गर.
तेवढ्यात गाडी आली परतीची,
धुळीसकट, फुटबोर्डावर तोच पोरगा :
तारगाव, वेशीचा चौक, दोन मिनिटं!
एक बाई खाली उतरली,
वर बोट करून त्याला काहीतरी विचारलं.
तो घड्याळात पाहत म्हणाला, घोडा आहे.

मला पाहून त्यानं हात हलवला, चला.
मी पुडी दाखवली.

टण टण.
पुढची साडेपाचला आहे.
म्हणजे सहाला.