दीड सेकंद

माझं काम कागदाचं.
नळी डॉक्टर एत्चेगारे सरकवायचे,
मुलांचा हात सिस्टर ओफेलिया धरायची,
आणि मी, भिंतीकडे तोंड करून,
पेनाखालून सरकत येणारी पट्टी
गुंडाळत बसायचे.

मोन्तेविदेओ. जुलै, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा.
नदीवरचा वारा तावदानांना धडका देत होता
आणि शेगडी लावायची सोय नव्हती,
कारण कोपऱ्यात हायड्रोजनची टाकी.
एक ठिणगी,
की आम्ही सगळे उद्याच्या पेपरात.

नेलिदा सहा वर्षांची, ताकुआरेंबोकडची.
बाप मेंढ्यांची लोकर कातरणारा.
रात्रभर बसने आले होते.
तो दाराशी उभा, ओठांत न पेटवलेली सिगारेट,
डोक्यावर पाटी: आग नको.
त्याला वाचता येत नव्हतं.
मी सिगारेट हळूच काढून त्याच्याच खिशात ठेवली.
'माफ करा बाई,' म्हणाला,
जणू दुखणंच त्याने आणलं होतं घरात.

जांघेत तांदळाएवढी चीर.
तिथून शेवयीसारखी नळी आत,
टोकाला प्लॅटिनमचा ठिपका.
काळोखात पडद्यावर तिची हिरवट सावली
वर वर चढत गेली,
आणि काळजात शिरून थबकली.

आता एक श्वास हवा. एकच.
या वायूला ना वास, ना चव.
तो फुप्फुसात रक्ताला भेटतो, डावीकडे उतरतो,
मग त्याने रीतीने जावं:
डोकं, बोटं, गुडघे,
सगळ्या गावाला वळसा घालून
सावकाश उजव्या दाराशी यावं.
पण मधल्या भिंतीला भगदाड असेल
तर कोण कशाला जाईल वळशाने?
तो तडक येतो.
प्लॅटिनमला चाहूल लागते,
पेन दचकतं.

नेलिदाने श्वास घेतलाच नाही.
गाल फुगवले, ओठ मिटले.
'याला बाबांच्या बुटांचा वास येतो,' मास्कबद्दल म्हणाली.
सिस्टर म्हणाली, फूल हुंगतेस असं समज.
फूल आणि रबर यांतला फरक
तिला सिस्टरपेक्षा बरा कळत होता.

मग मी उठले.
कागद जमिनीवर वाहू दिला,
मास्क स्वतःच्या तोंडाला लावला, ओढला श्वास.
'बघ. मेले का मी?'
ती हसली.
आणि हसायला
श्वास लागतोच.

एक.
अर्धा.
पेन उडालं.

डॉक्टर काही बोलले नाहीत.
नळी बोटभर मागे घेतली.
पुन्हा आधी मी, मग ती; आता तिला खेळ समजला होता.
फुप्फुसाच्या वाटेवर दीड.
खालच्या कप्प्यात दीड.
वरच्या कप्प्यात पाच, सात, नऊ,
पेन निवांत.
म्हणजे भोक खाली. दोन कप्प्यांच्या मधोमध.

बापाने पट्टी गुडघ्यावर उलगडली.
लोकरीच्या मेणाने मऊ पडलेली बोटं
त्या एका उंचवट्यावरून फिरत राहिली.
'केवढं आहे?'
ते कागद सांगत नाही, मी म्हटलं. आहे, एवढंच सांगतो.
'कातर निसटली की मेंढीला चीर पडते,
आम्ही डांबर फासतो. बुजते.
याला काय लावतात?'
मी डॉक्टरांकडे पाहिलं.
डॉक्टर हात धूत होते. बराच वेळ धूत होते.

पुढचं मला माहीत नाही.
शस्त्रक्रिया वरच्या मजल्यावर व्हायच्या,
आणि वरून खाली कागदाच्या खोलीत
कुणी निरोप घेऊन येत नसे.
माझ्याकडे तिचं म्हणून
एक हसू आहे, आणि त्यानंतरचा दीड सेकंद.

आणि हे:
संध्याकाळी फाटकाशी तो भेटला.
खिशातली तीच सिगारेट काढून विचारलं,
'बाई, इथे चालेल?'
इथे चालेल.
वाऱ्याने तीन काड्या विझवल्या.
चौथीला
मी तळहातांचा आडोसा केला.