आकृती चार

दावा पहिला: एक लांबट, पोकळ, लवचीक नलिका,
जिला एक निकटचं टोक आहे आणि एक दूरचं.

निकटचं म्हणजे डॉक्टरच्या मुठीतलं.
दूरचं म्हणजे काळजापाशी पोचतं ते.
कोणापासून दूर,
हे पेटंटात विचारायचं नसतं.

मी फक्त आकृत्या काढते.
गॅल्वेच्या गोदीमागे, दुसऱ्या मजल्यावर, एकोणीस वर्षं.
काळी शाई, पांढरा कागद, रंग नाही, छटा नाही,
प्रत्येक अवयवाला आकडा:
नळी बारा, जाळी चौदा, फुगा अठरा.
काळजाला हात घालणं ही आपली बोलायची रीत,
इथे तो खरोखर घालतात,
मनगटातून, दोन मिलिमीटर जाडीचा.

मॅलकी टार्पी आला तेव्हा त्याच्या कोटात
अकरा मेलेल्या नळ्या होत्या.
टेबलावर मांडल्या त्याने, मासळीसारख्या, ओळीने.
सगळ्या एकाच जागी मुडपलेल्या,
महाधमनीच्या कमानीत, जिथे रक्त वळतं
आणि प्लॅस्टिक वळत नाही.
काचेच्या धमनीत करून पाहिलं, म्हणाला,
खाटकाकडच्या डुकराच्या हृदयात पाहिलं,
घरातला फ्रीज आता कोणी उघडत नाही.

बारावी वळली.
कशी, मी विचारलं, कारण ते आकृतीत दाखवावं लागतं.
तो जरा थांबला.
शेवटच्या दोन सेंटिमीटरला तारेची वीण सैल सोडायची.
एकदम नाही. एकेक घर. हळूहळू.
हे तुम्हाला सुचलं?
(प्रश्न खरं तर वकिलाचा,
पण वकील जेवायला गेला होता.)
मॅलकीने बारावी नळी बोटाला गुंडाळली, सोडली,
पुन्हा गुंडाळली.
मग माझ्याच पेन्सिलीने, स्वतःच्या नावाखाली,
दुसरं नाव लिहिलं.

नुआला कनीली गुरुवारी आली, रात्रपाळी उतरून,
कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ.
ती तार विणायच्या यंत्रावर असते.
कॅरारोला तिचे वडील शेवंडाचे पिंजरे विणायचे,
विलोच्या ओल्या काड्यांचे.
पिंजऱ्याचा गळा आत जाताना सैल होत जातो,
म्हणजे शेवंड अडत नाही, आणि काडीही मोडत नाही.
हे सांगताना तिचे हात हवेत विणत होते,
मी हातच पाहत राहिले.

बाबांचं नाव घालता येईल?
वकील समजुतीने हसला.
कायद्यात, आधीपासून जगाला ठाऊक असलेल्या गोष्टीला
पूर्वकला म्हणतात.
तुमचे बाबा, मिस कनीली, पूर्वकला आहेत.
त्यांचा पिंजरा कागदात आणला
तर आपला दावाच बुडेल.

त्या शब्दावर तिने मान वर केली.
वकिलाला ठाऊक नव्हतं.
मलाही नंतर कळलं,
होडी सापडली होती, रिकामी, इनिशीर बेटाजवळ.

ती आकृती चारकडे बघत राहिली.
हृदय असं फाटकं का काढलंत?
फाटकं नाही, मी म्हटलं, तुटक.
ज्यावर आपण हक्क सांगत नाही
ते तुटक रेषेत काढायचा नियम आहे.
नळी आपली, म्हणून अखंड.
हृदय फक्त कळावं म्हणून,
नळी कुठे जाते ते.
असं होय, म्हणाली.

मोबदल्याच्या कागदावर तिने सही केली:
एक युरो, मिळाला, हक्क कंपनीला दिले.
वीस वर्षांनी वीण कोणाचीही होईल,
तोवर कंपनीची.

त्या रात्री मी आकृती चार पुन्हा काढली.
डाव्या कर्णिकेच्या तुटक रेषेत, खालच्या बाजूला,
भिंग लावलं तर दिसेल:
तीन तुकडे एकमेकांतून गेलेत, काडीसारखे,
आणि गळा जरा सैल आहे.
त्याला आकडा दिलेला नाही.
म्युनिकच्या परीक्षकाने नऊ हरकती घेतल्या,
ही घेतली नाही.

पण हे नंतरचं.
त्या गुरुवारी नुआलाने ते नाणं
टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.
सुट्टे आहेत का, विचारलं,
खालचं पार्किंगचं यंत्र
एक युरो घेत नाही.