ठिपका

नागदेवी स्ट्रीटवर, बेअरिंगच्या दुकानात
पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या वहीत सोळा प्रश्न होते
आणि टिळव्यांकडे एकच उत्तर:
"बसा तर आधी."

बसायला ग्रीसचा डबा. वर पुठ्ठा.

खिमजीशेठना सगळं एका बोटाखाली हवं होतं,
किती माल, कुठल्या रॅकला,
कोणाकडे किती थकलंय, किती दिवस.
"नव्वद झाले की आपोआप मेसेज गेला पाहिजे.
माणसाला लाज वाटते, मशीनला नाही."
मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं,
रिक्वायरमेंट म्हणून.

टिळव्यांची खतावणी मी तीन शनिवार टाइप केली.
६२०५. ६२०५ झेडझेड. "तोच, पण जाड."
"भांडुपवाल्याचा." "मागच्यासारखा."
मागच्यासारखा ह्या मालाला मी कोड दिला, एम-एक,
आणि स्वतःवरच खूश झाले.
काही नावांशेजारी पेन्सिलीचा ठिपका होता.
वाटलं, टोक टेकलं असेल.
ठिपक्याला कॉलम नव्हता. घेतला नाही.

पहिल्या सोमवारी एकशे बारा मेसेज गेले.
मी लॉग बघत बसले होते,
गेला, गेला, गेला,
एकही अडला नाही.
घरी जाताना जिलेबी घेतली.

बुधवारी कुर्ल्याच्या पाइप रोडहून खैरुन्निसाबाई आल्या.
माझ्या टेबलातली सत्त्याऐंशीवी ओळ,
प्रत्यक्ष, पायरीवर,
चप्पल काढावी की नाही ह्या विचारात.
हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत नोटा.
"लेथ विकून टाकला," म्हणाल्या.
"ते गेल्यापासून बंदच होता. मेसेज आला ना तुमचा."
माझा.

शेठ पंख्याकडे बघत राहिले.
टिळव्यांनी विचारलं, धाकटा कितवीत आता?
पिशवी काउंटरवरून तीनदा
इकडची तिकडे, तिकडची इकडे झाली.
शेवटी थोडे घेतले, पावती फाडली.
सगळे घेतले नाहीत,
सगळे परतही केले नाहीत.
ह्याचा नियम कसा लिहायचा
मला अजून सांगता येत नाही.

मला कोणी एक शब्द बोललं नाही.
चहा आला. साखर जास्त होती. प्यायले.

त्या रात्री कॉलम वाढवला.
नाव सुचेना. सूट? स्थगित? संपर्क नको?
सगळीच बँकेच्या पत्रातली.
लिहिलं: ठिपका. हो किंवा नाही.
शेजारी एक चौकट, कारण, भरणं सक्तीचं.

टिळव्यांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन पाहिला.
"कारण लिहायचं असतं
तर ठिपका कशाला दिला असता?"
चौकट काढली.
"आणि हा पुसता येतो ना?"
येतो.
"पेन्सिलीसारखा?"
हो.
"मग असू दे."

त्यानंतर मी कितीतरी धंदे बांधले:
भिवंडीचं गोदाम, मुलुंडची पॅथॉलॉजी लॅब,
एका केटररचं तर लग्नसराईत तीनदा कोसळलं.
सगळीकडे विचारायला शिकले,
वहीत आहे पण तुम्ही सांगत नाही, असं काही?
बहुतेक लोक नाही म्हणतात.
मग मी थांबते जरा.

परवा ऐरोलीहून फोन. निहार नावाचा मुलगा,
नागदेवीचा डेटा नव्या सिस्टिमवर नेतोय.
"मॅडम, एक फील्ड आहे, ठिपका.
कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही, कुठे माहिती नाही.
एकोणीस रेकॉर्डना 'हो' आहे. काढून टाकू?"

एकोणीस?
माझ्या वेळी चौदा होते.
टिळवे वेंगुर्ल्याला परत गेले त्याला सहा वर्षं झाली.
म्हटलं, शेवटचे पाच कोणी दिलेत बघ.
की वाजल्या.
"युजर, खिमजी गाला. पाचही.
वेळा सगळ्या रात्री साडेनवाच्या पुढच्या."
दुकान आठला बंद होतं.

म्हटलं, हात लावू नकोस.
"ठीक आहे, पण त्याच्यापुढे माहिती काय लिहू?"
बस तर आधी, म्हटलं.
तो म्हणाला, बसलोच आहे, मॅडम.