वास काढताना

चौथ्या पानावर अडकलेय मी.
पहिली तीन भराभर झाली:
मनामातली गल्ली, गच्चीवरच्या टाक्या,
बाबांचा ड्रायडॉकचा निळा डगला, दोरीवर बाह्या पसरून,
कुणाला तरी अडवत असल्यासारखा.
चौथ्या पानावर मासूमा येते
आणि तिच्यामागून वास.

वासाला रेघ नसते.
तीन नागमोडी रेषा काढल्या तर चहा वाटतो,
माश्या काढल्या तर कचरा.
शाई वाळते, मी पान फाडते.

तिच्या वडिलांची भट्टी आमच्या जिन्याखाली.
पहाटे चारला भिंत तापायची,
माझ्या उशाशी ऊन यायचं सूर्याच्या आधी.
ते आकडीने रोटी ओढायचे, मासूमा तिच्यावर
व्हिम्टोच्या जुन्या बाटलीतून तपकिरी काहीतरी ओतायची,
चमच्याच्या पाठीने फासायची.
महयावा.
मासळी, मीठ, मोहरी,
आणि बाटलीत मुरलेलं कित्येक आठवड्यांचं ऊन.

आमचा सुकटीचा डबा
आईने टाकीमागे लपवलेला, दोन पिशव्यांत गुंडाळून.
वरच्या मजल्यावरचे नाकं मुरडायचे.
मी शाळेचा फ्रॉक हुंगून मगच घालायचे.
कुणी गाव विचारलं तर मी नुसतं इंडिया म्हणायचे,
वेंगुर्ला म्हटलं की तोंडाला वास येईल म्हणून.

आणि एका शुक्रवारी, भर दुपारी,
मासूमाने तो डबा वास काढत काढत शोधला.
झाकण उघडलं. डोळे मिटले.
म्हणाली, "बेतना."
आमचं घर, असा अर्थ त्याचा.
मला वाटलं, जेवणाचा बेत विचारतेय.
मी म्हटलं, सुकट आणि भाकरी.

संध्याकाळी ती रोटी घेऊन वर आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
अरबी अक्षरं उलटी उमटलेली पिठावर.
आई दारात आडवी उभी.
कुणाकडचं काही खायचं नाही, हा तिचाच नियम.
तिने एक बोट लावलं, चाखलं,
बराच वेळ काही बोललीच नाही,
मग आत जाऊन ताटलीत चार घावणे घालून आली.

रिकामी ताटली परत करायची नसते,
हे तिथेही तसंच निघालं.
तीन वर्षं ती ताटली जिना चढली, उतरली.
मी सहा चौकटी नुसत्या ताटलीच्या काढल्यात,
माणसं गुडघ्यापर्यंतच.
(मासूमाचा चेहरा आठवत नाही, हे असं लपवलंय.)

मग बाबांचं काम संपलं.
सातव्या चौकटीत ट्रंक, दोरी, बंद भट्टी.
ताटली कुणाकडे राहिली?

मी पानं तिला पाठवली.
ती आता इसा टाऊनला लहान मुलांचे दात बघते.
आवाज रेकॉर्ड करून आला, मागे कुणीतरी भोकाड पसरलेलं:
"ताटली स्टीलची होती गं, फुलाफुलांची कुठली!
आणि तुला एक सांगायचंय. रागावू नकोस.
तुझ्या आईचे घावणे मी कधी खाल्लेच नाहीत.
मला ते ओले फडके वाटायचे.
तिसऱ्या पायरीवर एक मांजर असायची, एका कानाची.
ती खायची सगळे.
तिला नीट काढ."

मी तासभर रागावले.
आईला सांगायचं नाही, असं ठरवलं,
मग आठवलं की सांगायला आई नाही.

चौथं पान नवीन घेतलं.
ताटलीवरची फुलं पांढऱ्याने झाकली,
खरवडली तशी दिसतात अजून.
तिसऱ्या पायरीवर मांजर काढली,
एकच कान, मिशीला घावण्याचा तुकडा,
बाकी पान कोरं.
तिचं नाक वर आहे,
भट्टीकडे.