पाठीपासून दोन बोटं

मी पाठी मोजतो.
मेनच्या उत्तरेला, जिथे डांबर संपतं
आणि नुसती फरची झाडं, तळी, चिखल उरतो,
तिथे माझं दुकान.
चेहरे विसरतो मी. पाठी नाही.

मे महिना, काळ्या माश्यांचा पहिला आठवडा.
ओडील थिबोडो आली. वय एकसष्ट.
कागद गिरणीत तेवीस वर्षं, गिरणी बंद पडेपर्यंत.
म्हणाली, "हलकी दाखव. आणि चौकट बाहेर असलेली."

तसली हल्ली कुणी मागत नाही.
सगळ्यांना हवी अंगासरशी बसणारी,
सांगाडा पोटात लपवलेली मऊ पिशवी.

"मान खाली घाल," म्हटलं.
मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो
तिथून कमरेच्या हाडापर्यंत फीत सोडली.
मध्येच ती अडली. शर्टाखाली काहीतरी,
दोरखंडाएवढं जाड, तिरकं.
मागे न बघता ती बोलली,
"रोलर. अठ्ठ्याण्णव साली. तू मोज."
साडेसतरा इंच.

मग वाळूच्या पिशव्या. तीस पौंड.
माझं ठरलेलं व्याख्यान:
ओझं खांद्यानं वाहायचं नसतं
(हे कळायला लोकांना पहिला डोंगर लागतो).
आधी कमरेचा पट्टा, हाडाच्या माथ्यावर, पोटावर नव्हे.
मग खांद्यांचे.
मग वरचे ते दोन चिमुकले, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही
आणि जे नसतील तर सगळं मागे कलंडतं.

तळघराला माझ्या अकरा पायऱ्या.
पहिली सॅक कार्बनच्या नळ्यांची,
रिकामी उचलली तर दोन पावांएवढी.
सहाव्या पायरीवर ओडील वाकली,
जाळी त्या जागी टेकली,
आणि ती तशीच उलटी वर आली.
"नको."

दुसरी कॅनव्हासची. तिचं बोलायलाच नको.

तिसरी मी आतून शोधून आणली, धूळ झटकून.
ॲल्युमिनियमची, शिडीसारखी,
पट्ट्या आडव्या ताणलेल्या, खिळीला खिळी,
प्रत्येक खिळीत तारेचं एकेक कडं.
ती अकरा उतरली. अकरा चढली.
पुन्हा उतरली.
मग दारात जाऊन उभी राहिली, नदीकडे तोंड करून,
आणि बराच वेळ काही बोललीच नाही.
पाठ आणि चौकट यांच्यामध्ये
माझी दोन बोटं सहज जात होती.
वाराही.

"ओझ्याचं काही नाही रे," ती म्हणाली,
"चिकटू नये, एवढंच."

दुकानदार असलो तरी खोट लपवत नाही मी.
सांगितलं, फांद्यांत अडकेल.
दगडांच्या फटीतून आडवं होऊन जावं लागेल.
ओढा ओलांडताना झोका देईल.
आणि कुरकुरते, चालभर कुरकुरते.
"मीसुद्धा," ओडील म्हणाली, आणि पैसे मोजले.

गिऱ्हाईक निघालं की पाठ थोपटायची माझी सवय.
हात गेला, आणि दोन बोटं अलीकडेच थांबला.
मग चौकटीवरच थाप मारली.
ती वाजली. छान वाजली.

ऑक्टोबरात आली, बर्च पिवळी पडून झडून गेल्यावर.
काही परत करायला नाही, दाखवायला.
शंभर मैल. नाक सोललेलं, पायाच्या दोन नखांचा पत्ता नाही.
चौथ्या दिवशी खालच्या खिळीचं कडं पडलं होतं
कुठल्याशा दलदलीत.
मी खण उघडून नवं कडं काढत होतो.
"राहू दे," म्हणाली.

वाकून पाहिलं.
कड्याच्या जागी किल्लीचं कडं होतं,
त्याला गिरणीतल्या तिच्या कपाटाची किल्ली,
पितळेची, क्रमांक दोनशे चौदा.
गिरणी पाडली त्याला सहा वर्षं झाली.
कपाटं भंगारात गेली.

किल्ली उघडत काहीच नव्हती.
नळीवर हलके हलके आपटत होती फक्त,
आणि खिळी जागची हलत नव्हती.